पीतबिंदू

नमस्कार करणाऱ्या माणसाला डोकं नव्हतं. निळ्या रेघांचा सदरा होता, गळ्याजवळची गुंडी उघडी होती, जोडलेले हात होते, आणि वर जिथं चेहरा असायला हवा तिथं फळा ओल्या फडक्यानं पुसल्यावर राहतो तसा करडा डाग होता. त्या डागातून आवाज आला, "नमस्कार सर. खवा न्यायला आलात व्हय?" अप्पांच्या छातीत धस्स झालं. वास्तविक हे पहिल्यांदा होत नव्हतं. गेला उन्हाळाभर धाराशिवातली निम्मी माणसं त्यांच्यापुढं अशीच येऊन उभी राहत होती, आणि सगळा जन्म मास्तरकीत घालवल्यावर बिनडोक माणसांचं एवढं काय, हा विनोदही त्यांनी स्वतःशी करून झाला होता. तरी दर वेळी धस्स व्हायचंच. त्यांनी नजर त्या माणसाच्या कानावरून पलीकडे, खव्याच्या दुकानाच्या पाटीवर नेली. पाटीवरची अक्षरं पुसली गेली आणि कडेला सोमेशचा चेहरा उगवला. पातळ, पाणी घातल्यासारखा, पण सोमेशचाच. बसस्टँडजवळ त्याचं औषधाचं दुकान होतं. शाळेत तो अप्पांच्या हाताखालून गेला होता, आणि त्यांच्या डोळ्यांचं जे काय झालं होतं ते गावात त्याला एकट्याला ठाऊक होतं.

"आज ताई यायल्यात न्हवं?" सोमेशनं आवाज खाली घेतला. "सांगितलंत का त्यांना?"

"नाही."

"आवो सर, आज ना उद्या कळणारच की. लेकीपासून किती दिवस लपवणार तुमी?"

"आजचा दिवस. आज तिनं त्या डेहराडूनवाल्यांना हो म्हणून कळवलं, की मग तू गावात दवंडी दे." अप्पा पाटीकडे बघतच बोलत होते. "तोवर तोंड उघडलंस तर भर चौकात अंगठे धरायला लावीन."

सोमेश हसला, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. "आन् ताई समोर बसल्यावर कुठं बघणार? असंच पाटीकडं?" अप्पांनी खव्याची पुडी पिशवीत टाकली आणि ते घराकडे वळले.

कुठं बघणार, हाच तर प्रश्न होता. लेकीकडे, शिवांजलीकडे, सरळ बघितलं तर ती दिसणार नव्हती. तिच्या बाजूला बघितलं तर दिसली असती, पण मग तिला कळलं असतं. आणि एकदा कळलं की ती डेहराडूनच्या नोकरीवर जाणार नव्हती, याबद्दल अप्पांच्या मनात तिळभर शंका नव्हती. म्हातारा बाप, एकटा, त्यात डोळे गेलेले. ती एका शब्दानं न कुरकुरता राहिली असती. राहण्याची तिला सवयच होती. अप्पा रस्त्याच्या कडेकडेनं चालत होते. चालायला त्यांना काही अडचण नव्हती, हीच तर गंमत होती. रिक्षा, गटारावरच्या फरश्या, भाजीवालीच्या पाटीतली मेथी, पायांत येणारं कुत्रं, सगळं कडेनं छान दिसत होतं. जगाची कड शाबूत होती. फक्त ज्याच्याकडे बघावं ते तेवढं नाहीसं होत होतं. त्यांना वाटलं, आपण सबंध आयुष्य केंद्र, केंद्र करत काढलं, आणि आता नेमकं तेच कुणीतरी काढून घेतलंय.

कारण केंद्र हा हंगरगे सरांचा, म्हणजे अप्पांचा, हातखंडा विषय होता. गावात कुणीही सांगितलं असतं. गोफण घेऊन ते वर्ग मैदानावर काढायचे आणि डोक्याभोवती दगड गरगरवून ओरडायचे, "हात काय करतोय? दगडाला मध्याकडे ओढतोय. त्या बलाला काय म्हणायचं?" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "अभिकेंद्री बल!" पेशीचं केंद्रक, अणूचं केंद्रक, वस्तूचा गुरुत्वमध्य, भूकंपाचं अपिकेंद्र, हे शब्द त्यांनी पोरांच्या तोंडात पाढ्यांसारखे बसवले होते. कुठल्याही वस्तूत आधी मध्य शोधा, बाकी सगळं त्याच्याभोवती आपोआप लागतं, असं ते सांगायचे आणि त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. घरातही ते तसेच होते. जेवताना ताटाकडे बघ. अभ्यासाला बसलीस की पुस्तकाकडे बघ. नजर इकडंतिकडं जाता कामा नये. त्यांची बायको इरम्मा चुलीपुढून, त्यांच्या नजरेच्या कुठल्यातरी कडेवरून, कानडीत काहीतरी पुटपुटायची आणि शिवांजली खाली मान घालून हसायची. काय पुटपुटायची, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला ती नव्हती, आणि या एवढ्याशा गोष्टीची त्यांना रस्त्यात चालता चालता फार रुखरुख लागली.

एकदा ते ढोकीच्या कारखान्यावर वर्गाची सहल घेऊन गेले होते. शिवांजली तेव्हा लहान होती, हट्टानं बरोबर आली होती. उसाच्या मळीचा गोड-आंबट वास, पायांखालची चिकट फरशी, आणि शेवटी ती साखर गाळायची यंत्रं. आत जाळीचा मोठा डबा, त्यात उसाचा आटवलेला काळपट राब ओततात आणि डबा असा फिरवतात की फिरतोय हे दिसतच नाही. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखर आतल्या भिंतीला पांढरी होत होत चिकटून राहते. अप्पा पोरांना केंद्रापासून दूर जाण्याचं शास्त्र ओरडून सांगत होते, घशाच्या शिरा ताणून, कारण यंत्रांचा आवाज मोठा होता. शिवांजली चवड्यांवर उभी राहून आत डोकावली. बराच वेळ बघून ती म्हणाली, "अप्पा, मधे तर काहीच नाही. सगळं कडंलाच चिकटलंय." पोरं फिदीफिदी हसली. अप्पांना जरा राग आला. ते म्हणाले, "केंद्र ही जागा असते, वस्तू नव्हे." उत्तर बरोबर होतं. त्यांची उत्तरं नेहमी बरोबर असायची. पण तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं, ते आज कितीही आठवू म्हटलं तरी आठवेना, कारण त्यांनी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. ते पोरांच्या रांगेकडे बघत होते.

घरी येऊन त्यांनी खवा झाकून ठेवला आणि दिवाणावर बसले. समोर इरम्माचा फोटो होता. म्हणजे चौकट होती, हार होता, जरीचा काठ होता. चेहरा नव्हता. खरं तर याच फोटोनं त्यांना शुद्धीवर आणलं होतं. त्याआधीचं जे होतं ते आठवलं की एकटेच असतानाही त्यांचे कान तापत. त्यांच्यासारख्या माणसानं असं करावं! दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला चार मुलांत उभं करून त्याचं हसं केलं असतं.

ते असं झालं होतं. रोज सकाळी अंघोळ करून, भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग डबीतून काढून ते डाव्या तळहातावर घेत. लहानपणापासूनची पूजा, त्यांच्या लिंगायत घरात माणूस जन्मतो तो लिंग बांधूनच, आणि जातो तोही तळहातावर लिंग घेऊन, बसल्या बसल्या, मातीत. पाणी, बेलाचं पान, मग हात डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे एकटक बघत राहायचं. काळ्या तुळतुळीत लिंगावर समईच्या ज्योतीचा एक ठिपका पडतो. त्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि बाकी सगळं सोडून द्यायचं. अप्पांना हे सोडून देणं आयुष्यात जमलं नव्हतं. ठिपक्याकडे बघताना त्यांना परावर्तनाचे नियम आठवत, तिमाहीचे पेपर आठवत. आणि मग थंडीतल्या एका सकाळी ठिपका विरला. त्यांना वाटलं, समई विझली. समई जळत होती. थोड्या दिवसांनी ठिपक्याभोवतीचा काळेपणाही विरला, आणि एके दिवशी तळहातावर लिंगच नव्हतं. पहिल्यांदा ते घाबरून खाली जमिनीवर चाचपडले. मग लक्षात आलं, थंडगार वजन तर हातात आहे. बोटं आहेत, मनगट आहे, बेलाचं पान कडेला आहे, आणि मध्ये नुसता शांत, राखाडी उजेड आहे. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

शेजारच्या कल्याणप्पांना त्यांनी हे लाजत लाजत सांगितलं. कल्याणप्पांचं कापडाचं दुकान आता मुलं बघत होती आणि ते स्वतः सकाळ-संध्याकाळ पूजेत असत.  ऐकून त्यांनी अप्पांचे पाय धरायला हात पुढं केले. "सर, ही लहान गोष्ट न्हाय. आमी जलमभर हातात लिंग घेतलं, आमाला ते हाय तसंच दिसतंय. तुमचं लिंग विरायलंय म्हंजे तुमी लई पुढं गेलाव. इरम्माताईंची सेवा केलाव, त्याचं फळ हाय हे." अप्पांनी पाय मागे घेतले, पण मनातून ते फुलून गेले. इरम्मा गेल्यापासून त्यांना काहीतरी मिळायला हवं होतं. घर रिकामं, लेक लातूरला, आणि मरणाची वाट बघण्याशिवाय दुसरं काम नाही. अशा वेळी ही गोष्ट आपसूक येऊन तळहातावर बसली होती, तिला ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे कसे नेणार?

वर्तमानपत्रातल्या मथळ्यांची मधली अक्षरं दिसेनात, तेव्हा त्यांनी ठरवलं, चष्म्याचा नंबर वाढला. दाराची चौकट मध्ये फुगल्यासारखी दिसू लागली, तेव्हा ठरवलं, भूकंपात भिंत हलली होती ती आता खचतेय. पूजेतलं वेगळं, पेपरातलं वेगळं, भिंतीचं वेगळं. तीन प्रश्नांना तीन उत्तरं. ज्या माणसानं दर वर्षी नववीच्या पोरांना कागदावर फुली आणि ठिपका काढून अंधबिंदू दाखवला होता, फुलीकडे बघत कागद जवळ आणला की ठिपका कसा गडप होतो ते दाखवून टाळ्या घेतल्या होत्या, त्याला आपल्याच डोळ्यात पडलेलं भोक ओळखता आलं नाही. ओळखता आलं नाही, की ओळखायचं नव्हतं? अप्पांनी दिवाणावरची चादर उगाचच सारखी केली. ओळखायचं नव्हतं. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा हार बदलताना इरम्माचा चेहरा नाहीसा झाला. ते फोटोसमोर उभे राहिले, चष्मा पुसला, जवळ गेले, लांब गेले. चेहरा नाही. लिंग विरलं तर ती सिद्धी म्हणता येते. बायको विरली त्याला काय म्हणायचं? ते तसेच अनवाणी सोमेशच्या दुकानात गेले होते.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई वयानं शिवांजलीएवढ्या होत्या. त्यांनी पडद्यावर डोळ्याच्या आतलं चित्र लावलं. नारिंगी गोल, आणि मधोमध रक्ताचा काळसर डाग. "आजोबा, एवढे दिवस काय करत होतात?" पूजा, असं अप्पांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "वाटलं, नंबर वाढला असेल." बाईंनी सांगितलं, उजवा डोळा आधीच कधीतरी गेला असणार, डाव्यावर भागत होतं म्हणून कळलं नाही, डाव्यातही आता पीतबिंदूवर रक्त उतरून डाग पक्का झालाय. महिनाभरात आला असतात तर इंजेक्शनांनी बरंचसं वाचलं असतं. आता इंजेक्शनं द्यायची ती डाग वाढू नये म्हणून. याला सेंट्रल स्कोटोमा म्हणतात. पूर्ण आंधळे होणार नाही तुम्ही, कडेची नजर राहील. पण वाचणं, चेहरे ओळखणं, हे मध्याचं काम असतं. अप्पा मान हलवत होते. पीतबिंदू त्यांनी आकृतीत किती वेळा काढला होता, पिवळ्या खडूनं, मोहरीएवढा. मोहरीएवढी जागा, आणि त्यात माणसांचे सगळे चेहरे राहतात, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पुस्तकात तसं नव्हतं. निघताना बाई म्हणाल्या, "ज्याला बघायचंय त्याच्याकडं बघू नका, आजोबा. जरा बाजूला बघा. केंद्र सोडून बघायची सवय करा." सोमेशच्या गाडीत बसल्यावर सबंध रस्ताभर अप्पा काचेतून बाहेर बघत राहिले. तामलवाडीच्या आसपास कुठंतरी त्यांनी एकदम म्हटलं, "उत्केंद्री." सोमेशनं विचारलं, "काय म्हणालात, सर?" ते म्हणाले, "काही नाही. केंद्र सोडून असण्याला मराठी शब्द आहे."

बारा वाजून गेल्यावर फाटकाची कडी वाजली. अप्पांनी घाईघाईनं वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं; पेपर उलटा नाही ना, वरच्या बाजूला फोटो येतोय ना, हे कडेनं तपासून घेतलं. गेले काही रविवार ही युक्ती छान चालली होती. शिवांजलीच्या चपलांचा आवाज ओळखीचा होता, उजवी जरा घासत यायची.

"ऊन काय म्हणायलंय, अप्पा! लातूरपास्नं उभ्यानं आले." तिनं पिशवी ठेवली. "जेवलात का नाही?"

"तुझी वाट बघत होतो. खवा आणलाय. जा, साखर घालून आण."

ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. अप्पांनी पेपर खाली ठेवला. आतल्या दाराच्या चौकटीच्या बाजूला, भिंतीवरच्या तड्याकडे त्यांनी नजर लावली आणि हावऱ्यासारखं कडेनं तिला बघून घेतलं. पाठमोरी होती. केस मानेशी बांधलेले, खांदे किंचित पुढं आलेले. इरम्माचे खांदे असेच होते. ती वळली तशी त्यांनी झटकन नजर उचलली. चेहरा काही सापडला नाही.

तो तडा भूकंपाचा. शिवांजली तेव्हा चौथीत होती. शेजारपाजारची सगळी माणसं कितीतरी दिवस अंगणात झोपत होती, आणि ती दिवसभर त्या तड्यात बोट घालून बघायची. "केंद्र तिकडं किल्लारीला होतं, तर मग आपली भिंत का फाटली, अप्पा?" अप्पांनी आकृती काढून दिली, जमिनीखाली नाभी, तिच्या बरोबर वर अपिकेंद्र, आणि त्याभोवती लहरींची वर्तुळं. बाकीची मुलं असं उत्तर पाठ करून मोकळी होतात. ती झाली नाही. भूशास्त्र घेतलं, पुण्याला गेली, भूकंपावरच संशोधन केलं आणि डेहराडूनला एका संस्थेत तिची निवड झाली. त्याच पावसाळ्यात इरम्माची डावी बाजू लुळी पडली. शिवांजली महिनाभरासाठी म्हणून आली. महिना संपला तेव्हा ती याच खोलीत, याच दिवाणासमोर उभी होती. तिनं विचारलं होतं, "अप्पा, मी जाऊ का राहू?" आणि अप्पांनी काय केलं?  त्यांनी नजर वळवली आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर होती. त्या चादरीकडे ते बघत राहिले, आणि ती काय ते समजली. गावातल्या कॉलेजात मिळेल ती नोकरी धरली. आईचं अंग पुसण्यात, तिला भरवण्यात, कुशीवर वळवण्यात तिची सगळी उमेदीची वर्षं गेली. लग्नाचं राहूनच गेलं. आई गेल्यावर लातूरच्या कॉलेजात गेली खरी, पण ती लांब जायला धजली नाही, कारण आता अप्पा एकटे होते. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिनं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं अप्पांना हल्ली वाटायचं. आता चाळिशी उलटल्यावर त्याच डेहराडूनहून पुन्हा विचारणा आली होती. कुणी जुने सर तिथं मोठ्या जागेवर होते, त्यांना तिची आठवण होती. असं तिसऱ्यांदा घडणार नव्हतं. म्हणून अप्पांनी ठरवलं होतं, तिनं विचारलं की तिच्या डोळ्यांत डोळे घालून हसायचं आणि जा म्हणायचं. आज बाजूला बघायचं नाही. मग ती दिसली नाही तरी चालेल.

पण चालणार नव्हतं, हेही त्यांना कळत होतं. तिचा चेहरा त्यांना एकदा, नीट, पोटभर बघायचा होता. गेल्या वर्षी ती इथं रविवारमागून रविवार येत होती आणि त्यांची नजर धड होती, तेव्हा ते काय बघत होते? टीव्हीवरच्या बातम्या बघत होते.

जेवणं झाली. शिवांजलीनं लाल प्लॅस्टिकची खुर्ची ओढून दिवाणाच्या समोर घेतली आणि वाटीतला खवा चमच्यानं खात बसली. डेहराडूनबद्दल बोलत होती. खिडकीतून डोंगर दिसतात म्हणे, थंडीत पाण्यात हात घालवत नाही म्हणे. आवाज खुशीत होता. अप्पांनी सकाळपासून मनात घोकलेलं सुरू केलं. चेहऱ्याच्या जागी डाग होता, पण डागाच्या दोन्ही कडांना तिच्या कानांतल्या कुड्या चमकत होत्या. दोन बिंदू दिले आहेत, मध्य काढा. त्यांनी दोन कुड्यांच्या मधोमध, किंचित वर, नजर रोवली आणि तिथून हलू दिली नाही.

"आज कळवायचंय," ती म्हणाली. फोन तिच्या मांडीवर होता. "अप्पा, खरं सांगा. जाऊ का?"

"जा," अप्पा म्हणाले. लगेच म्हणाले; मध्ये चादरीला जागा ठेवली नाही. आणि हसले. "अगं, विचारायलीस काय? मला काय धाड भरलीय? सोमेश आहे, कल्याणप्पा आहेत. डबा लावलाय. पेपर वाचतो, फिरून येतो. तू तिथं डोंगराखाली काय हलतंय ते बघ आणि फोनवर सांग मला."

 पंखा फिरत होता. डागाच्या आत काय चाललं होतं ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. तिच्या नाकातून एक बारीक आवाज आला, लहानपणी हसू दाबताना यायचा तसा, आणि अप्पांना एकदम हलकं वाटलं. जमलं होतं. इतक्या वर्षांनी का होईना, त्यांनी तिच्याकडे सरळ बघून सांगितलं होतं. ते आणखी रुंद हसले. "हसू नको. खरंच सांगतोय. आनंदानं जा. माझ्या तोंडाकडं बघ की, मी काय रडायलोय का?"

 आवाज पुन्हा आला नाही. अप्पा हसतच होते, आणि हसणं कधी थांबवायचं ते त्यांना समजेना. गालांचे स्नायू दुखायला लागले. मग फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुड्या हलल्या. लाल रंग डागातून बाहेर पडला, बाजूला गेला आणि त्यांच्या डाव्या हाताला, दिवाणाच्या टोकाशी थांबला. त्यांची मान आपोआप तिकडे वळू लागली, तेवढ्यात तिचा हात त्यांच्या गालावर आला आणि त्यानं मान पुन्हा होती तिथं, रिकाम्या जागेकडे वळवली.

"वळू नका," ती अगदी हळू म्हणाली. "फुलीकडं बघा, अप्पा. फुलीकडंच बघत ऱ्हावा."

ते समोर बघत राहिले. समोर भिंत होती आणि तिच्यावर डाग होता. आणि डाव्या कडेला, हातभर अंतरावर, शिवांजली दिसली. इरम्माची हनुवटी. कानाजवळ पांढरे झालेले केस. ते कधी झाले? डोळ्यांखाली काळं. नाकाचा शेंडा लाल, आणि सगळा चेहरा ओला, हनुवटीपर्यंत ओला. हे आत्ताचं पाणी नव्हतं, बराच वेळ वाहिलेलं होतं. म्हणजे ते हसत होते तो सगळा वेळ ती त्यांच्यासमोर बसून रडत होती. अप्पांचं तोंड हसल्यासारखंच राहिलं होतं. ते त्यांनी कसंबसं मिटलं.

"कधीपासनं?" तिनं विचारलं.

"थंडीपासनं."

"आन् मला सांगितलं नाही."

"तू गेली नसतीस."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. ते पुसताना अप्पांनी तिला बघून घेतलं. कपाळावरची ती आडवी रेघ, उजव्या भुवईतला लहानपणी पडल्याचा व्रण, सगळं. तिला असं त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. ती सुंदर होती. थकलेली होती. त्यांना ओरडून सांगायचं होतं की मला कडेचं सगळं दिसतं, मला चालता येतं, मला काहीही झालेलं नाही. पण आधी तिला बघून व्हायचं होतं.

"दिसतंय का?" ती म्हणाली. वर्गात फुली-ठिपक्याचा कागद धरायला लावून ते विचारायचे, त्याच सुरात.

"दिसतंय." अप्पांनी समोरच्या भिंतीवरची नजर काढली नाही. "शिवा, कळव ना त्यांना. आज शेवटचा दिवस आहे. माझ्यासमोर कळव."

"कळवते की," ती म्हणाली आणि मांडीवरचा फोन उचलून तिनं पिशवीत, अगदी तळाशी टाकला. मग पिशवीची चेन लावली. ते त्यांना अगदी स्पष्ट दिसलं.